बारा इंजिनांचा कॉम्प्युटर

आबांसाठी गेम खेळायचा कॉम्प्युटर घ्यायचा आहे, असं मी सांगितलं तेव्हा माय पोळ्या करत होती. तिने लाटणं थांबवलं. "कोणाले?" तिने विचारलं. "आबांना," मी म्हणाले. "तुनं डोकं फिरनं शे," ती म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली.

तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. डिंडोलीत आमच्या गल्लीत असले कॉम्प्युटर घेतात ती कॉलेजात जाणारी पोरं, तीही घरात रुसून, जेवण टाकून. निवृत्तीला आलेल्या, डोळ्यांनी अधू झालेल्या बापासाठी त्याच्या नोकरदार मुलीने असला हट्ट धरल्याचं कुणी ऐकलं नसेल. पण मी एकदा ठरवलं की मागे हटत नाही. हा माझा गुण आहे अशी माझी समजूत आहे. उधन्याला ज्या मिलमध्ये मी साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं करते, तिथले लोक याला खडूसपणा म्हणतात.

आबा म्हणजे माझे वडील. मालगाडीचे पायलट, म्हणजे इंजिन चालवणारे. उधन्याहून नंदुरबार, तिथून पुढे जळगाव, सगळी नोकरी त्याच लाइनवर गेली. मग साखरेने त्यांचे डोळे धरले. वाचायला त्रास होतो म्हणून चष्म्याचा नंबर काढायला गेले, तर डॉक्टरांनी पडद्याला सूज असल्याचं सांगितलं. रेल्वेच्या तपासणीत ते नापास झाले आणि त्यांना गाडीवरून उतरवण्यात आलं. पगार चालू राहिला, बसायला ऑफिसात एक खुर्ची मिळाली. ते जायचे, सही करायचे, परत यायचे. घरात बोलायचं मात्र त्यांनी जवळपास बंदच केलं. समोर बघायचं झालं की मान जरा तिरकी करायचे, कारण नजरेच्या बरोबर मधोमध धुरकट डाग होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आम्हाला स्वच्छ सांगितलं होतं. जे गेलं ते परत येणार नाही, पण जे राहिलं आहे ते टिकवता येईल. त्यासाठी डोळ्यात इंजेक्शन घ्यायची आणि एकही चुकवायचं नाही. आबांनी एक चुकवलं. "गाडी नही तं डोयासनं काय करू?" एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी आरडाओरडा केला, मायने हातापाया पडून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. बाप डोळ्यांदेखत आंधळा होणार आणि आपण बघत बसणार, या विचाराने मला मिलमध्ये बसल्याजागी घाम फुटायचा.

अशात एका दुपारी मी त्यांना फोनवर एक व्हिडिओ दाखवला. कुणीतरी कॉम्प्युटरवर रेल्वे चालवण्याचा गेम खेळत होतं. इंजिनाची केबिन, समोर रूळ, आपल्याकडच्यासारखे सिग्नल. आबांनी फोन नाकाला लावला, मान तिरकी केली आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "यानी ब्रेक उशीर लावा." कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून आपणहून निघालेलं ते पहिलं वाक्य. पुढच्या तारखेला मी रिक्षा बोलावली तेव्हा ते मुकाट्याने चपला घालून निघाले, आणि परतताना त्यांनी विचारलं की तो खेळ मोठ्या पडद्यावर दिसतो का.

माझं डोकं फिरलं म्हणाल तर ते असं फिरलं.

मला वाटलं होतं, कॉम्प्युटर आपल्या हातातली गोष्ट आहे. मिलमध्ये दिवसभर त्याच्यावरच तर बसते. पण साडीचा पदर रंगवणं वेगळं आणि गेम चालवणं वेगळं. गेमच्या दुनियेत शिरले आणि पहिल्याच संध्याकाळी मेंदूचा भुगा झाला. जो तो छातीठोकपणे बोलतो. एक म्हणतो, पैसे कमी असतील तर सगळे ग्राफिक्स कार्डात घाला, प्रोसेसर कसलाही चालेल. दुसरा म्हणतो, प्रोसेसर कमजोर असला तर कार्ड नुसतं बसून जांभया देतं. तिसरा दोघांना शिव्या घालतो आणि जुनं कार्ड घेण्याचा सल्ला देतो. त्याच्याखाली कुणीतरी लिहिलेलं असतं की जुनी कार्डं आधीच कुठेतरी महिनोन्‌महिने रात्रंदिवस राबवून घासलेली असतात, सावध राहा. मला सावध राहायचं नव्हतं. मला कॉम्प्युटर हवा होता.

माझ्या मनात मात्र एक गोष्ट पक्की होती. आबांना लांबचं दिसलं पाहिजे. सिग्नल दुरून स्पष्ट आला पाहिजे. म्हणजे चित्र चांगलं हवं आणि चित्र काढण्याचं काम कार्ड करतं, म्हणून कार्ड मोठं. पडद्याचा प्रश्न नव्हता, घरचा टीव्हीच जोडायचा होता. त्या खेळाबद्दल एका ठिकाणी मी वाचलं होतं की हा गेम प्रोसेसरच्या एकाच कोरवर सगळा भार टाकतो, त्यामुळे कोर मोजण्यापेक्षा प्रत्येक कोर किती वेगवान आहे ते बघा. ते मी लक्षात ठेवलं होतं.

मजुरा गेटजवळच्या एका कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर दुकान होतं. आबांना मी बळेच सोबत नेलं. दुकानदार माझ्याच वयाचा, बोलायला गोड. "बेन, गेमिंग माटे तो कार्ड ज मेन छे," त्याने गुजरातीत सुरुवात केली. मग आबांकडे पाहून त्याने हिंदी धरली, "अंकल, गेम कौन खेलेगा?" मी सरळ कार्डं दाखवायला सांगितलं.

कार्डावर फारसा वाद झाला नाही. एक मोठं, दोन पंख्यांचं, वापरलेलं पण तंदुरुस्त कार्ड त्याने काढलं, आमच्यासमोर चालवून दाखवलं आणि मी हो म्हणाले. अडलं ते प्रोसेसरवर. उरलेल्या पैशांत दोन पर्याय होते. एक नवा, सहा कोरचा. दुसरा मोठमोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमधून निघालेला जुना, पण बारा कोरचा, बोर्डासकट आणि नव्यापेक्षा स्वस्त. मी नव्याकडे बोट दाखवणार, इतक्यात आबांनी दुकानदाराला विचारलं, "कोर मतलब क्या?"

त्याने समजावून सांगितलं की कोर म्हणजे काम करणारा. जितके कोर तितके कामकरी.

आबांनी तो जुना प्रोसेसर हातात घेतला. तिरकी मान करून त्याच्या चकचकीत पाठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर मी विसरून गेलेलं हसू होतं. "घाटमा एक इंजिन पुरं पडत नही तं आम्ही दोन जोडूत," ते म्हणाले. "अठे तं बारा जोडेल शेतस. गाडी वढाले काय कमी पडी?"

मला ठाऊक होतं की हे बरोबर नाही. वाचलेलं सगळं डोक्यात होतं. पण माझ्या बापाने कितीतरी महिन्यांनी एखाद्या गोष्टीत जीव घातला होता, इंजिनात बसल्यासारखं बोलला होता, आणि दुकानातल्या अनोळखी माणसासमोर मी त्यांना "तुम्हाला यातलं कळत नाही" असं म्हणणार नव्हते. कुणीही म्हटलं नसतं. बारा इंजिनं घेऊन आम्ही रिक्षात बसलो. आबांनी डबा मांडीवर धरला होता आणि उधन्याच्या पुलावर खाली यार्डात उभ्या असलेल्या मालगाडीकडे त्यांनी मुद्दाम मान वळवून पाहिलं.

घरी मायने कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं. नवं यंत्र म्हटल्यावर तिचा राग निम्मा उतरतो. कीबोर्डवरची अक्षरं आबांना दिसायची नाहीत, म्हणून तिने स्वतःच्या पाकिटातल्या टिकल्या काढून बटणांवर चिकटवल्या. वेग वाढवायच्या बटणावर छोटी, ब्रेकवर मोठी, हॉर्नवर चमकीची. आबांनी डोळे मिटून बोटांनी तिन्ही चाचपली आणि मान डोलावली. त्या घटकेला मी खरंच सुखात होते.

ते सुख पहिल्या स्टेशनापर्यंत टिकलं.

गाडी सुटली, थोडी पळाली आणि पडदा गपकन अडखळला. मग एकदम पुढे सरकला. पुन्हा अडखळला. झाडं आधी नव्हतीच, मग अचानक उगवायची. खांब उगवायचे. आणि खांबासारखेच सिग्नलही उगवायचे, गाडी जवळजवळ त्यांच्या पायथ्याशी पोचल्यावर. हा गेम खेळणाऱ्या कुठल्याही पोराने शिवी हासडली असती आणि गाडी तशीच दामटली असती. आबांनी ब्रेक मारला. भर माळरानावर, जिथे काहीच नव्हतं, तिथे त्यांनी मालगाडी उभी केली.

"काय झालं?" मी विचारलं.

"सिग्नल नही दिसना."

रेल्वेचा नियम असा आहे की जिथे सिग्नल असायला हवा तिथे तो दिसला नाही, दिवा विझलेला असला, तर तो लाल समजायचा आणि थांबायचं. आबांच्या अंगात तो नियम रक्तासारखा मुरलेला. स्वतःच्या लाइनवर त्यांना प्रत्येक सिग्नल पाठ होता, कुठल्या वळणामागे कुठला उभा आहे ते झोपेतही सांगितलं असतं. ही लाइन परकी होती. इथे त्यांना फक्त डोळ्यांचा आधार होता. ते थोडे पुढे गेले, पुन्हा थांबले. पुन्हा गेले, पुन्हा थांबले. एका ठिकाणी सिग्नल इतक्या जवळ येऊन उगवला की तो लाल होता हे कळेपर्यंत गाडी त्याच्या पलीकडे गेली. पडद्यावर सूचना आली, खेळ संपला. पायलटने लाल सिग्नल ओलांडणं म्हणजे नोकरीवर गदा, हे आमच्या घरात लहान पोरालाही माहीत आहे. आबा खुर्चीवरून उठले.

"डोया ग्यात," ते म्हणाले.

"आबा, डोळे नाहीत, मशीन अडकतंय," मी म्हणाले.

"माले समजाडू नको." आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त भयंकर होतं. "डॉक्टरले सांगी दे. आते मी दवाखानामा जावाव नही."

त्या आठवड्याच्या शेवटी पुढच्या इंजेक्शनची तारीख होती.

मी मायवर चिडले, दारावर चिडले, कामावर जाऊन एका बिचाऱ्या पोरीच्या अख्ख्या डिझाइनची चिरफाड केली. खरा राग त्या डब्यावर होता. ज्या डब्याने बापाला उठवायचं त्यानेच त्यांना पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपवलं होतं. आणि मी काहीही बोलले तरी त्यांना ते लेकीचं समजूत काढणं वाटणार, हे मला दिसत होतं. एकदा तुम्हाला सांगण्यात आलं की तुमचे डोळे खोटं दाखवतात, की मग दुसऱ्या कुणाचं खोटं तुमच्या लक्षात येत नाही. प्रत्येक अंधार तुम्ही स्वतःच्याच नावावर घेता.

संध्याकाळी मी स्वतः गाडी चालवायला बसले. माझे डोळे ठणठणीत आहेत. मलाही सिग्नल पायथ्याशी गेल्यावरच दिसला. मग मी कॉम्प्युटर आतून काय करतोय ते दाखवणारी पाटी उघडली. कार्ड आरामात बसलं होतं, त्याला अर्धंही काम नव्हतं. आणि प्रोसेसरच्या बारा कोरच्या बारा चौकोनांपैकी एक चौकोन काठोकाठ भरलेला, तडफडणारा, बाकीचे सगळे निवांत. मी वाचलं होतं तेच होतं, पण वाचणं वेगळं आणि असं समोर बघणं वेगळं.

आता ते आबांना सांगायचं कसं? खरं सांगायचं तर त्यांना सांगावं लागणार होतं की तुम्ही निवडलेली बारा इंजिनं कुचकामी आहेत. त्या एका निवडीच्या वेळी ते माझे जुने आबा झाले होते. तीच चुकली म्हटल्यावर ते दुकानातल्या त्या हसूसकट आत जाऊन बसतील, अशी मला भीती वाटत होती. मी स्वयंपाकघरात मायजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. तिने वांगी चिरता चिरता ऐकून घेतलं. "तुना आबानी चूक व्हयनी तं व्हयनी," ती म्हणाली. "चुकेल माणूसले दुसरांदाव करता येस. आंधया व्हयना तं काय करशीन?"

मी उठले, आबांना हाताला धरून टीव्हीसमोर आणलं आणि ते चौकोन दाखवले. त्यांनी चेहरा पडद्याला जवळजवळ चिकटवला. मी त्यांचं बोट धरून भरलेल्या चौकोनावर ठेवलं.

"हे एकटं ओढतंय," मी म्हणाले. "बाकीचे काही करत नाहीत. हा गेम त्यांना कामच देत नाही."

आबांनी बोट फिरवत बाकीचे चौकोन मोजले.

"म्हंजे अकरा डेड," ते म्हणाले.

रेल्वेत बंद पडलेलं इंजिन गाडीला नुसतं जोडून नेतात, त्याला डेड म्हणतात. ते ओढत नाही, उलट त्यालाच ओढावं लागतं. मी हो म्हणाले. आबा खुर्चीवर टेकले, आणि मला वाटलं आता फुटतात. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"तुले बी सिग्नल उशीर दिसना?"

"मलाही. अगदी जवळ गेल्यावर."

"शपथ?"

माझ्या बापाने माझ्याकडे कधी शपथ मागितली नव्हती. मी त्यांच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली. त्यांनी मोठा श्वास सोडला. "मंग बदली कर," ते म्हणाले. दवाखान्याबद्दल मात्र एक शब्द बोलले नाहीत, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी डबा घेऊन त्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "बेन, लीधेलो माल पाछो नथी लेता." मी म्हटलं, परत कोण करतंय, बदलून दे. तो म्हणाला, जुन्या प्रोसेसरला आता गिऱ्हाईक नाही. मी म्हटलं, परवा होतं, माझ्याच रूपाने होतं. आवाज जरा वर गेला असावा, कारण शेजारच्या दुकानातले लोक डोकावले. शेवटी त्याने एक तोड सांगितली. नवा सहा कोरचा प्रोसेसर आणि त्याचा बोर्ड तो देईल, पण उरलेला फरक भरून काढायला मोठं कार्ड परत घेईल आणि त्याच्या जागी लहान, एका पंख्याचं बसवेल.

मी तिथे उभी राहिले आणि पुन्हा त्याच जुन्या प्रश्नाशी आले, कार्ड की प्रोसेसर. पहिल्यांदा तो प्रश्न पैशांचा होता. आता त्याला माझ्या बापाचे डोळे टांगलेले होते. कार्ड लहान केलं आणि लांबचा सिग्नल धूसर आला तर? गाडी न अडखळता पळेल, पण सिग्नल दिसणारच नाही. मग मी कुठल्या तोंडाने शपथ घेणार? दुकानदार पेचकस हातात घेऊन वाट बघत होता. मी डोळ्यांपुढे तो भरलेला चौकोन आणला, आरामात बसलेलं कार्ड आणलं. "लहान कार्ड बसव," मी म्हणाले. "पण इथेच चालवून बघणार." त्याने चालवून दाखवलं, पण त्याच्या दुकानात तो रेल्वेचा गेम नव्हता. भलत्याच कुठल्या गोळीबारावर मला विश्वास ठेवावा लागला.

इंजेक्शनच्या आदल्या संध्याकाळी आबा पुन्हा खुर्चीवर बसले. मी त्यांच्या मागे उभी होते, खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून. माय स्वयंपाकघरात होती, पण भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

गाडी सुटली आणि पाण्यासारखी निघाली. कुठे अडखळणं नाही. झाडं लांबून यायची, शांतपणे मागे जायची. पहिला सिग्नल अगदी दूरवर ठिपक्याएवढा दिसला, हिरवा, स्वच्छ. लहान कार्डाने लाज राखली होती. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सिग्नल चांगला मोठा झाला, तेव्हा कुठे आबा पुटपुटले, "ग्रीन."

मी तो केव्हाच पाहिला होता.

गाडीने वेग घेतला. पुढचा सिग्नल पिवळा होता. मी तो लांबून पाहिला. पिवळा म्हणजे पुढचा लाल, आतापासून वेग आवरायला हवा. आबांनी मान तिरकी केली, डावीकडे, मग उजवीकडे. हात ब्रेककडे गेला नाही. आता अडखळणारं मशीन नव्हतं, अकरा डेड इंजिनं नव्हती, ज्याच्यावर मी बोट ठेवू शकत होते असं काहीही उरलं नव्हतं. मी घसा फाडून ज्या गोष्टीला खोटं म्हणत होते ती खरी निघाली होती, निदान अर्धी. बोलले तर आबांना कळणार की आपल्याला दिसत नाही, आणि उद्याची सकाळ गेली. नाही बोलले तर गाडी लाल ओलांडणार, आणि मग तर सगळंच गेलं. पिवळा सिग्नल आमच्या बाजूने सरकन निघून गेला. माझं तोंड उघडलंच नाही.

मग लाल दिसला.

"लाल! आबा, लाल!" मी किंचाळले.

त्यांचं बोट मोठ्या टिकलीवर आदळलं. गाडी कुरकुरत, घासत, लालच्या अगदी अलीकडे थांबली. माय दारात आली होती, हाताला पीठ लागलेलं. मी डोळे मिटून घेतले आणि खुर्ची मागे सरकल्याचा आवाज यायची वाट बघत राहिले.

खुर्ची हलली नाही.

"पिवया तुले कव्हय दिसना?" आबांनी विचारलं. पडद्यावरून नजर काढली नव्हती.

"लांबून," मी म्हणाले. आता लपवून काय होणार होतं?

"मंग बोलनी का बरं नही?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून," असं मी म्हणाले, आणि म्हणताना मला रडू फुटलं.

"असिस्टंट असा चूप उभा ऱ्हास का?" आबा माझ्यावर ओरडले. खरोखर ओरडले, पूर्वी ओरडायचे तसे. मग त्यांनी जे सांगितलं ते एवढ्या वर्षांत मला कधी माहीत नव्हतं, कारण मी कधी इंजिनात चढले नव्हते. इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की असिस्टंटने हात लांब करून त्याचा रंग मोठ्याने सांगायचा, आणि पायलटने तोच रंग मोठ्याने परत म्हणायचा. पायलटची नजर घारीसारखी असली तरी म्हणायचा. आबा असिस्टंट होते तेव्हा त्यांनी सांगितला, पायलट झाले तेव्हा परत म्हटला. त्यांच्या एकट्याच्या तरण्या, चांगल्या डोळ्यांवरसुद्धा रेल्वेने कधी भरवसा ठेवला नव्हता.

समोरचा लाल बदलला. मी नाक ओढलं आणि म्हणाले, "हिरवा."

"हात?"

मी हात लांब केला. "ग्रीन," मी मोठ्याने म्हणाले. आबांनीही हात वर केला, "ग्रीन," म्हणाले, आणि गाडी सोडली.

मायने पदराला हात पुसले. तिने जे विचारलं ते विचारायला मी दहा वेळा मेले असते. "सकायमा दवाखानामा जाणं शे का?"

"जाणं पडी," आबा म्हणाले. मान तिरकी करून ते रूळ शोधत होते. "हिना एकटीना डोयासवर गाडी चालस नही."

मी ओढणीने डोळे पुसले, कारण पुढचा सिग्नल यायचा होता.